नाव आपले, उच्चार कोणाचा?

(तृतीय वर्ष कला, मराठी विशेष)

'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' यांत मराठीत एका मात्रेचाच काय तो फरक आहे. पहिले काम बारशाच्या दिवशी आत्याबाई करतात आणि दुसरे काम पुढे उभ्या जन्मात शेजारीपाजारी करतात. मुलगा पहिला आला की तो घराण्याचे नाव काढतो, नापास झाला की नाव घालवतो. नवी नवरी उखाण्यात नाव घेते आणि जुना देणेकरी नावावर टाकतो. नावाचा एवढा मोठा गोतावळा ज्या भाषेत आहे, ती भाषा बोलणारे आपण स्वतःच्या नावाबाबत मात्र कमालीचे बेफिकीर आहोत. नाव इंग्रजीत कसेही लिहिले गेले तरी आपण सही करतो, कोणी कसेही उच्चारले तरी 'हजर' म्हणतो. प्रस्तुत लेखात मला या बेफिकिरीबद्दलच थोडी तक्रार करायची आहे. वाचकहो, विषय क्षुल्लक वाटेल, पण ज्याचे शिष्यवृत्तीचे पैसे एका अक्षरापायी अडकले आहेत त्याला तो क्षुल्लक वाटत नाही.

त्या अक्षराची हकिकत आधीच सांगून टाकतो. आमचे आडनाव चौगुले. सांगली-कोल्हापूर भागात हे आडनाव पैशाला पासरी. गावगाड्यात पाटलाच्या हाताखाली काम पाहणारा तो चौगुला. त्या वतनाचे आडनाव झाले. यातला 'च' हा 'चौथा' या शब्दातला, दातांशी जीभ टेकवून म्हणायचा. आजोबांच्या सातबाऱ्यावर ते मराठीत स्वच्छ 'चौगुले' आहे. वडिलांच्या नोकरीच्या कागदांत इंग्रजी स्पेलिंग करताना कारकुनाने 'सी-एच'नंतर 'ए-यू' लिहिले. माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेत ते 'ओ-यू' झाले. गोव्यातील प्रसिद्ध उद्योजक घराणे हेच आडनाव 'ओ-डब्ल्यू' घालून लिहिते, तेव्हा तिसरीही सोय आहेच. पुढे एका ओळखपत्रावर यंत्राने इंग्रजीवरून उलट मराठी केले आणि मी 'चोउगुले' झालो! ज्या शब्दाला आमच्या घरात कधीच काही अडचण नव्हती, तो मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून परत मराठीत जाऊन आला आणि आपलेच घर ओळखेनासा झाला. शिष्यवृत्तीच्या खिडकीवर मला विचारण्यात आले, "यातले खरे नाव कुठले?" मी म्हणालो, "सातबाऱ्यावरचे." त्यावर उत्तर आले, "ते मराठीत आहे, ते चालत नाही." पैसे पुढे काही महिन्यांनी, प्रतिज्ञापत्र करून दिल्यावर मिळाले. कार्यालयाचे नाव सांगत नाही. सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच चालते.

हा घोळ आजचा नाही. त्याला निदान दोनशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो आपल्या सातारा-सांगलीच्या मुलखाशी चांगलाच निगडित आहे. साताऱ्याला इंग्रजांचा रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला. त्यात नाना फडणविसांचे आडनाव त्याने असे काही लिहिले आहे, की ते आपण आज वाचले तर 'फुर्नुवीस' वाचू. पण त्या काळचे इंग्रज 'अ' या स्वरासाठी 'यू' हे अक्षर वापरीत. ('पंजाब' लिहिताना आपण अजूनही 'यू' घालतो, ते त्या पद्धतीचेच अवशेष.) म्हणजे डफच्या कानावर जो शब्द पडला तो 'फर्नवीस' होता. मूळ फारसी शब्द 'फर्दनवीस', म्हणजे हिशेबाची फर्द लिहिणारा. त्याचे मराठीत 'फडनवीस', 'फडणवीस', 'फडणीस' झाले. आणि खुद्द नानांचे आडनाव यापैकी कोणतेच नव्हते! साताऱ्यात १७४२ साली जन्मलेल्या या पुरुषाचे नाव बाळाजी जनार्दन भानू. हुद्दा एवढा मोठा झाला, की भानू हे आडनाव इतिहासाच्या पुस्तकात कंसात राहिले.

पुढे १८७० नंतरच्या काळात हंटरसाहेबांच्या पद्धतीने स्पेलिंगे ठरली आणि 'अ'साठीही 'ए' व 'आ'साठीही 'ए' आला. सरकारी कामाला ते सोयीचे झाले असेल. पण त्या दिवसापासून काळे, कळे, काले आणि कले ही चारही मंडळी इंग्रजीत एकाच खुर्चीवर बसली. ट आणि त, ड आणि द, ळ आणि ल, ण आणि न यांची तीच गत. टिळकांचे उत्तरेत 'तिलक' झाले, ते याच रस्त्याने. म्हैसाळ इथून काही कोसांवर आहे, पण म्हैसाळकरांना आपला 'म्ह' मराठी मुलखाबाहेर नेता येत नाही. ज्यांच्या आडनावाचा शेवट 'ए'ने होतो त्यांचे हाल तर विचारू नका. इंग्रजी शाळेत शिकलेला माणूस काणे यांना 'केन', दाते यांना 'डेट' आणि साने यांना 'सेन' करून सोडतो.

'च' आणि 'ज' यांचे तर देवनागरीतही दुहेरी राज्य आहे. चाफेकरांचा 'च' दंत्य, चंद्रकांतचा तालव्य. जाधवांचा 'ज' दंत्य, जयवंतांचा तालव्य. लिहिण्यात काही फरक नाही, पण मराठी कान लगेच ओळखतो. साधारण नियम असा, की संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द तालव्य राहतात आणि मराठीच्या अंगणात खेळून मोठे झालेले शब्द इ-ए यांच्या शेजाराखेरीज दंत्य होतात. 'यादव'चा 'जाधव' झाला (यात्रेची जत्रा झाली तसाच) आणि त्याबरोबर त्याला दंत्य 'ज' मिळाला. म्हणजे या एका उच्चारात त्या आडनावाची सारी वाटचाल साठवलेली आहे. परप्रांतातून आलेला वक्ता जेव्हा 'जाधव' तालव्य 'ज'ने म्हणतो तेव्हा आपण हसतो. पण हल्ली आपल्यापैकीच काही मंडळी स्वतःचे आडनाव तसे सांगू लागली आहेत, त्याला काय म्हणावे?

आता दुसऱ्या मुद्द्याकडे वळतो. तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. इंग्रजी स्पेलिंगाला दोष देणे सोपे आहे, पण नावे 'शुद्ध' करण्याची हौस आपली स्वतःची आहे. खेड्यातला मुलगा शाळेत घालताना बाप सांगतो 'कान्हू', आणि दाखल्यावर लिहिले जाते 'कृष्णा'. 'गोंदा'चा 'गोविंद' होतो, 'म्हादू'चा 'महादेव' होतो. लिहिणाऱ्याला वाटते आपण अपभ्रंश दुरुस्त केला. परंतु नाशिकच्या लेण्यांत सातवाहन घराण्यातील एका राजाचे नाव कोरले आहे ते 'कण्ह' असे आहे, 'कृष्ण' असे नाही. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा हा प्राकृत लेख. 'कण्ह'चा 'कान्हा' झाला, त्याचे पुढे कान्हो, कान्होबा, कान्होजी. मंगळवेढ्याची संत कान्होपात्रा आणि समुद्रावरचा कान्होजी आंग्रे हे दोघेही त्याच कुळातले. तेव्हा शेतकरी बापाने सांगितलेला 'कान्हू' हा बिघडलेला कृष्ण नसून दोन हजार वर्षे या मातीत सलग चालत आलेला शब्द आहे. दाखल्यावरच्या 'कृष्णा'लाच आपण नवा म्हटले पाहिजे!

जुन्या मराठी कागदपत्रांत या रूपांची नुसती रेलचेल आहे आणि कोणालाही त्यांची लाज वाटत नव्हती. नारायणाचा नारो, केशवाचा केसो, विश्वनाथाचा विसो, मोरेश्वराचा मोरो. मोठी माणसे ती मिरवीत. शिवछत्रपतींचे पेशवे मोरोपंत, मोरेश्वरपंत नव्हेत. शिवाय मोडी लिहिणारा ऱ्हस्वदीर्घाची फारशी पर्वा करीत नसे आणि 'स'-'श'चीही अदलाबदल होई, त्यामुळे एकाच माणसाचे नाव दोन कागदांत दोन तऱ्हांनी सापडते आणि कोणाचेही काही अडत नसे. शहाजी आणि शरीफजी ही दोन भावांची नावे अहमदनगरच्या शाह शरीफ पीराच्या नवसाने ठेवली, असे परंपरा सांगते. शिवरायांच्या संस्कृत मुद्रेत मात्र पिता 'शाह' आहे आणि पुत्र 'शिव' आहे. दरबारातले नाव, मुद्रेतले नाव आणि आईच्या तोंडचे नाव ही वेगळी असू शकतात, हे त्या काळाला मान्य होते. आम्हाला सगळीकडे एकच हवे आणि तेही इंग्रजी चौकटीत बसणारे हवे.

आपल्या सांगलीपुरतेच पाहा. पटवर्धन घराण्याचा मूळ पुरुष हरिभट्ट, पण लोक म्हणाले 'हरभट', आणि हरभट रोडवर आपण सगळे खरेदीला जातो. तो हरभट ज्यांच्याकडे उपाध्या होता त्या इचलकरंजीकर घोरपड्यांची कथा तर आणखी मजेदार आहे. नारो महादेव जोशी नावाच्या ब्राह्मण मुलाला संताजी घोरपड्यांनी आश्रय देऊन वाढवले. त्याने कृतज्ञतेने धन्याचे आडनाव स्वतःला लावले आणि जोशी घराणे घोरपडे झाले. राजपत्र नाही, प्रतिज्ञापत्र नाही, वर्तमानपत्रात जाहिरात नाही. हरिपूरला जन्मलेले नाटककार गोविंद बल्लाळ देवल यांच्या नावातला 'बल्लाळ' पुष्कळांना आडनावासारखा वाटतो. तो 'बाळाजी'चा जुना पर्याय आहे. बाळाजी विश्वनाथांचा मुलगा कागदोपत्री 'बाजीराव बल्लाळ' आणि बाळाजी बाजीरावांचा मुलगा 'माधवराव बल्लाळ' असतो. पेशव्यांचे भट हे आडनाव त्या कागदांत शोधावे लागते. बापाचे नाव पुरेसे होते. आडनाव ही सर्वांना सक्तीची गोष्ट इंग्रजी अमलात, शाळेचा पट आणि सरकारी नोंदवही आल्यावर झाली.

आणि कृष्णेच्या काठाला राहायचे म्हणजे कानडीचा शेजार आलाच. अण्णा, अप्पा, अक्का या हाकांशिवाय आपले एकही घर नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांचे घराणे वाळवे तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकचे. त्यांच्या वडिलांचे नाव पायगोंडा. यातला 'गोंडा' म्हणजे कानडीतला 'गौडा', जुन्या कन्नड शिलालेखांतला 'गावुंड', अर्थात गावचा प्रमुख. आणि पाटील म्हणजेही तोच. ताम्रपटांतल्या 'पट्टकिल' शब्दापासून तो आला असे जाणकार सांगतात. म्हणजे 'पायगोंडा पाटील' या नावात एकच पद दोन भाषांत दोनदा उच्चारले आहे. नावात रायगोंडा, बाबगोंडा असलेली मुले आपल्या वर्गांतही आहेत. त्यांच्यापैकी कित्येक जण 'गोंडा' गाळून नुसते आद्याक्षर लिहितात. मला त्याचे वाईट वाटते, पण त्याबद्दल त्यांना बोल लावण्याचा अधिकार मला नाही. का, ते पुढे सांगतो. पाटीलकीचा महिमा एवढा, की प्रतिसरकारचे क्रांतिसिंह नाना पाटील यांचे मूळ आडनाव पिसाळ होते हे आपल्या जिल्ह्यातही थोड्यांनाच ठाऊक असते.

गावाचे नाव आडनाव म्हणून घेणे ही आपल्याकडची आणखी एक रीत. माडगुळ्याचे कुलकर्णी माडगूळकर झाले आणि त्या लहानशा गावाचे नाव दोघा भावांनी मराठी साहित्यात कायमचे केले. ही रीत केवळ मराठी आहे असे समजू नये. ज्यांच्या नावाने विश्रामबागेतले विलिंग्डन महाविद्यालय १९१९ मध्ये सुरू झाले, त्या मुंबईच्या गव्हर्नरांचे आडनाव विलिंग्डन नव्हतेच. ते टॉमस, पुढे फ्रीमन-टॉमस. उमराव झाल्यावर त्यांनी पदवी घेतली ती ससेक्समधल्या आपल्या वास्तव्याजवळच्या विलिंग्डन या गावावरून. आपल्या भाषेत सांगायचे तर ते 'विलिंग्डनकर' होत! त्या इंग्लंडातल्या खेड्याचे नाव इथला रिक्षावाला दिवसातून पन्नास वेळा घेतो आणि त्याच्या तोंडी ते अगदी मराठी झाले आहे. त्यावर कोणा इंग्रजाने आक्षेप घेतल्याचे ऐकिवात नाही.

येथवर वाचून कोणाला वाटेल, की हा गृहस्थ जुन्या नावांच्या प्रेमात पडला आहे. तसे नाही. जुन्या नावांना दुसरी बाजू आहे आणि ती कडू आहे. एकाच गावात एकाचा पांडुरंग 'पांडुरंगपंत' होतो, दुसऱ्याचा 'पांडबा' होतो आणि तिसऱ्याचा 'पांड्या'. हे तीन उच्चार व्याकरणाने ठरवलेले नव्हते, ते कोण कोणत्या आळीत राहतो यावरून ठरत. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत कामी आलेल्या कंपनीच्या शिपायांची ४९ नावे भीमा कोरेगावच्या स्तंभावर आहेत. त्यांतल्या २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे. 'नाक' हा महार समाजातील पुरुषांच्या नावांचा प्रत्यय. इतिहासाच्या अभ्यासकाला त्या प्रत्ययावरून ती माणसे ओळखता येतात हे खरे. परंतु गावातल्या प्रत्येकालाही ती त्यावरूनच ओळखता येत, आणि ओळखून दूर ठेवता येत, हेही तितकेच खरे. तो प्रत्यय पुढे त्या समाजाने टाकला. भाषेचा एक जुना नमुना गेला म्हणून आपण ग्रंथालयात बसून हळहळायचे काय? सकपाळ घराण्याने आंबडवे गावावरून आंबडवेकर हे नाव लावले आणि शाळेत त्याचे 'आंबेडकर' झाले. ते कसे झाले याविषयी दोन मते आहेत. पण आज त्या नावाचा उच्चार काय आणि वजन काय हे ठरवण्यासाठी कोणाही पंडिताची गरज नाही. ज्याने ते धारण केले त्याने ते ठरवले. वाटेगावच्या तुकाराम भाऊराव साठे यांनी स्वतःला 'अण्णा भाऊ' म्हणवले, मराठी साहित्याने तेच नाव स्वीकारले.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे, की नावाचा धनी जो उच्चार आणि जे रूप सांगेल ते प्रमाण. कान्हूला कान्हूच राहायचे असेल तर त्याला कृष्णा करू नये. आणि जो आपण होऊन कृष्णराव झाला त्याला मुद्दाम 'ए कान्ह्या' म्हणून हाक मारू नये. पहिल्या गोष्टीत अडाणीपणा असतो, दुसरीत पुष्कळदा दुष्टपणा असतो. रायगोंडाला बोल लावण्याचा अधिकार मला नाही तो यामुळेच. त्याने 'गोंडा' का गाळले हे त्याला माहीत. हजेरीच्या वेळी त्या शब्दावर किती जण हसले असतील हे मला माहीत नाही, त्याला माहीत असेल.

धन्याला विचारायचे म्हटले की एक प्रश्न ताबडतोब उभा राहतो: धनीण असेल तर? तिला कोणी विचारले? या जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावी १८६३ साली कुर्लेकरांच्या घरी यमुना नावाची मुलगी जन्मली. लग्नानंतर ती रमाबाई रानडे झाली. कल्याण-पुण्याकडच्या दुसऱ्या यमुनेचे लग्नानंतर आनंदी झाले. वैद्यकीची पदवी घ्यायला ती अमेरिकेला गेली आणि १८८६ मध्ये डॉक्टर झाली. तिथे तिच्या 'जोशी' या आडनावाच्या शेवटी दोन 'ई' लिहीत. दोघी केवढ्या मोठ्या झाल्या! पण त्यांच्या यमुनेचे पुढे काय झाले, हा प्रश्न आम्ही पाठ्यपुस्तक वाचताना कधी विचारला नाही. ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवे नाव लिहायचे, पेढे वाटायचे, की संपली जुनी नदी. आजही आमच्या कॉलेजातल्या मैत्रिणी पदवीच्या प्रमाणपत्रावर एक नाव आणि शिधापत्रिकेवर दुसरे नाव अशी दोन आयुष्ये सांभाळतात. चक्रधरस्वामींच्या काळी मात्र महदाइसा, उमाइसा, आबाइसा ही नावे लीळाचरित्रात स्वतःच्या बळावर उभी आहेत, अमक्याची बायको म्हणून ती येत नाहीत. त्याच्याही मागे गेलो तर सातवाहनांचे मोठमोठे राजे आईच्या नावाने ओळखले जातात. लेण्यांत 'गोतमिपुत' सातकर्णी आहे, 'वासिठिपुत' पुळुमावी आहे. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचे आणि मग वडिलांचे नाव लिहिण्याचे ठरवले, तेव्हा ही पाश्चात्त्यांची नक्कल आहे असे म्हणणारे काही जण भेटले. त्यांनी एकदा नाशिकची लेणी पाहून यावे.

नावांची ही झोंबाझोंबी जगात सगळीकडे चाललेली असते, हे कळले की जरा धीर येतो. गोव्यात पोर्तुगीज अमलात शेणव्यांचे 'सिनाय' झाले, कामतांचे 'कामोतीं' झाले, प्रभू-परबांचे 'पोरोब' झाले. 'श' लिहायला पोर्तुगीज लोक 'एक्स' वापरीत, त्यामुळे तिथल्या शेट मंडळींचे इंग्रजी वाचणाऱ्याकडून काय होत असेल याची कल्पना करावी. १९६१ नंतर अनेकांनी नावे पूर्वरूपाला आणली, आणि पुढे १९९० मध्ये नाव-आडनाव बदलाचा वेगळा कायदाही तिथे झाला. तिकडे आल्प्सच्या खोऱ्यांत रोमान्श नावाची एक लहानशी भाषा आहे. स्वित्झर्लंडने १९३८ साली ती आपली चौथी राष्ट्रीय भाषा मानली. आज ती मुख्य भाषा म्हणून बोलणारे जेमतेम चाळीस हजार असतील. त्यांच्यात कापाउल, काफ्लिश, कामेनिश अशी आडनावे आहेत. त्यातला 'का' म्हणजे घर. पाउलचे घर, फेलिक्सचे घर, डोमिनिकचे घर. शेजारच्या जर्मन भाषेच्या लेखणीतून ती कागदावर आली आणि त्यांचे 'श' जर्मन वळणाने तीन-तीन अक्षरांत लिहिले गेले. अनोळखी माणसाला ती आडनावे जर्मनच वाटावीत. आमच्या आठ-नऊ कोटींच्या भाषेची आणि त्या चाळीस हजारांच्या भाषेची अडचण एकच आहे, फक्त त्यांना ती जाणवते.

एका बाबतीत मात्र आपले नुकसान आपणच, कोणाच्याही दडपणाशिवाय करीत आहोत. मराठीत आडनावाला विभक्ती लागताना ते वाकते. गोखले, पण गोखल्यांचा वाडा. शिंदे, पण शिंद्यांची छत्री. चौगुले, पण चौगुल्यांचे घर. आमच्या गल्लीत मला अजून 'चौगुल्याचा पोरगा' म्हणतात आणि ते कानाला गोड लागते. वर्तमानपत्रांतून मात्र 'शिंदेंचा', 'गोखलेंची', 'सानेंनी' अशी रूपे सर्रास येऊ लागली आहेत. आडनाव म्हणजे दगडावरची पाटी, तिला हात लावायचा नाही, अशी समजूत झाली असावी. काही जणांना सामान्यरूपात अनादर वाटतो. पेशव्यांना तो वाटला नाही, शिंद्यांना वाटला नाही, आपल्याला का वाटावा? इंग्रजी स्पेलिंगाने आडनाव जसे गोठवले तसे ते आपण मराठीतही गोठवून टाकले आहे. प्राध्यापक मंडळींनी तरी निकालपत्रावर सही करताना आपल्या आडनावाचे षष्ठीचे रूप एकदा मनात म्हणून पाहावे.

आता करायचे काय? प्रतिज्ञापत्रे आणि यंत्रे यांच्याशी भांडण्याची ताकद विद्यार्थ्यांत नाही, आणि दाखल्यांवरची स्पेलिंगे एका दिवसात बदलणार नाहीत. पण दोन गोष्टी विनाखर्च होण्यासारख्या आहेत. जूनमध्ये पहिल्या तासाला प्राध्यापकांनी यादी वाचण्याऐवजी प्रत्येकाला आपले पूर्ण नाव एकदा मोठ्याने उच्चारू द्यावे आणि आपल्या प्रतीवर ते मराठीत टिपून घ्यावे. पाव तास जाईल. परगावच्या आणि सीमेपलीकडच्या मुलांची वर्षभराची कुचंबणा वाचेल. दुसरी गोष्ट मराठी विभागाच्या भित्तिपत्रकासाठी सुचवतो. आपल्या भागात सुगीच्या दिवसांत हेळवी येतो. बैलावर बसून, वंशावळीची वही घेऊन तो दारात उभा राहतो आणि आपल्या पणज्याच्या पणज्यापर्यंतची नावे घडाघडा म्हणतो. बहुतेक घरांत त्याला सूपभर धान्य देऊन वाटेला लावतात. यंदा तो आला की त्याला ओट्यावर बसवा, चहा द्या, आणि तो सांगेल ती नावे लिहून घ्या. तो 'नारू' म्हणाला तर नारूच लिहा, 'नारायण' नव्हे. त्याच्या वहीत बायकांची नावे आहेत का, तेही विचारा. नसतील तर आजीला विचारा, तिच्या सासूचे माहेरचे नाव काय होते, आणि ते ती कसे म्हणायची.